उत्तरेची थंडी: बाटली नको, वेळेवर पाणी द्या

“साहेब, यंदा थंडी किती पडणार? आधीच कोणती फवारणी घेऊन ठेवू?” निफाड, सटाणा, रावेर, शिरपूर, सगळीकडून हाच प्रश्न येतोय. म्हणून एकत्रच उत्तर देतो.

नाशिक-खानदेशातली कडाक्याची थंडी पंजाब, हरियाणा, राजस्थानच्या सपाटीवरून मध्य प्रदेशमार्गे खाली येते. पश्चिमी चक्रावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची प्रणाली, काश्मीर-हिमाचलात बर्फ टाकतो, तेव्हा आपल्याकडे बऱ्याचदा ढगाळ असतं आणि रात्री उबदार वाटतात. तो पुढे सरकला, आभाळ मोकळं झालं की उत्तरेचे कोरडे वारे सुटतात आणि दोन-तीन दिवसांत आपला पारा घसरतो. २०१८च्या डिसेंबरअखेर निफाडला पारा २ अंशांच्या खाली गेला होता. म्हणजे शिमल्यात बर्फ पडल्याची बातमी आली की तुमच्या हातात दोन दिवस असतात. ते दुकानाच्या काउंटरवर घालवू नका.

डिसेंबर ते फेब्रुवारीचा हंगामी अंदाज हा तीन महिन्यांच्या सरासरीचा असतो. अमुक रात्री तुमच्या बागेत काय होईल, हे तो सांगत नाही. त्यावरून औषधांची यादी काढणारा दुकानदार स्वतःचा माल खपवतोय. तुम्ही मंगळवार-शुक्रवारचा कृषी हवामान सल्ला मेघदूत अ‍ॅपवर बघा. बातमीत ‘थंडीची लाट’ हे शब्द येण्याचीही वाट बघू नका. आपल्याकडे लाट जाहीर व्हायला किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी लागतं. पिकाला त्याआधीच फटका बसतो, आणि शेताच्या खोलगट भागात पारा आणखी खाली असतो.

आता द्राक्ष. “फुगवण थांबली, दुकानदार म्हणतो जीएचा (मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक अ‍ॅसिडचा) डोस वाढवा.” नका वाढवू. थंडीत वेलीचं कामच मंदावतं, तिथे दुप्पट जीए घालून मणी फुगत नाही. साल जाड होते, घडाचा दांडा लाकडासारखा कडक होतो. अशा बागा मी दर हंगामात बघतो, आणि प्रत्येक ठिकाणी जीएबरोबर एखादं ‘थंडीचं टॉनिक’ मिसळलेलं असतं. कुठलंही टॉनिक बागेचं तापमान वाढवत नाही. पुन्हा सांगतो, कुठलंही नाही.

पिंक बेरीचंही तेच. दिवसा ऊन आणि पहाटे कडाका, असा मोठा फरक पडला की पांढऱ्या जातींच्या मण्यांवर गुलाबी झाक येते. एकदा आली की ती कोणत्याही फवारणीने जात नाही. मण्यात पाणी उतरण्याआधी, म्हणजे मणी मऊ पडू लागण्याआधी, घडाला कागद लावा, हाच उपाय. निर्यातीची बाग असेल तर या टप्प्यावर अ‍ॅनेक्शर ५च्या (निर्यातीच्या द्राक्षाला चालणाऱ्या औषधांच्या) यादीबाहेरचं काही मारू नका आणि काढणीपूर्व कालावधी, म्हणजे शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंत सोडायचे दिवस, मोडू नका. रेसिड्यूमध्ये, म्हणजे औषधाच्या उरलेल्या अंशाच्या तपासणीत, माल अडकला की दुकानदार फोन उचलत नाही.

माझा भर पाण्यावर आहे, सगळ्याच पिकांत. ओली जमीन दिवसा जास्त ऊब साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. विहिरीचं पाणीही पहाटेच्या हवेपेक्षा बरंच कोमट असतं. म्हणून कडाक्याच्या रात्री संध्याकाळी किंवा पहाटे हलकं पाणी द्या. हलकं म्हणजे हलकंच. द्राक्षबाग आठवडाभर ताणावर ठेवून एकदम भरपूर पाणी सोडलंत तर मण्यांना तडे जातील. ओळीत पाचट किंवा उसाचं चिपाड अंथरलेलं असेल तर फारच चांगलं.

रावेरकडचा प्रश्न केळीचा: पानं पिवळी पडली, घड पोग्यात (शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत) अडकतोय, ठिबकमधून युरिया सोडू का? सोडू नका. गार जमिनीत मुळं नीट काम करत नाहीत, दिलेला युरिया बराचसा वाया जातो. रात्री पाणी द्या, निसवलेल्या (बाहेर पडलेल्या) घडांना स्कर्टिंग बॅग, म्हणजे घड झाकायची पिशवी, घाला, हिरवी पानं कापू नका. उत्तर आणि पश्चिम बांधावर शेवरी किंवा गजराज गवत नसेल तर यंदा शेडनेट बांधा आणि पुढच्या लागवडीआधी झाडांचा वारारोधक उभा करा.

शिरपूरच्या मक्याची पानं जांभळी झाली म्हणून स्फुरदाची जादा गोणी गळ्यात मारली जातेय. पेरताना खत दिलं असेल तर थांबा. थंड जमिनीतून स्फुरद उचललं जात नाही म्हणून पान जांभळं दिसतं. ऊब वाढली की नवं पान हिरवं येतं.

सटाण्याच्या कांद्यात नुसते शेंडे पिवळे असतील तर दर चार दिवसांनी बुरशीनाशक कशाला? पातीवर जांभळट चट्टे दिसले तरच करप्याची फवारणी घ्या, तीही लेबलवरच्या मात्रेत आणि दव वाळल्यावर. सांजवेळी फवारून पात रात्रभर ओली ठेवायची नाही.

गव्हाला ही थंडी हवीच आहे, फुटवे चांगले येतात. त्यावर खर्च करू नका.

फळपीक विम्याबद्दल एवढंच: भरपाई महसूल मंडळाच्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते, तुमच्या बागेतल्या तापमापकावर नाही. तुमच्या मंडळाचं केंद्र कोणतं आणि कमी तापमानाची यंदाची अट काय, हे सहायक कृषी अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे कृषी सहायक) आजच विचारून घ्या.