११ दिवसांत काढायचा तर माणूस नेमलाच कशाला?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे बडे सल्लागार महिन्या-दोन महिन्यांत कसे जातात, ११ दिवसांत काढायचा तर माणूस नेमलाच कशाला, आणि हे फक्त ट्रम्प यांच्याच काळात होतं का.

नेमतात, कारण नेमायला काहीच लागत नाही. परराष्ट्रमंत्री करायचा तर सिनेटपुढे सुनावणी होते, जुनी प्रकरणं उकरली जातात, मतदान होतं. चीफ ऑफ स्टाफ (राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय चालवणारा), राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार, कम्युनिकेशन्स डायरेक्टर (प्रसिद्धीचं काम पाहणारा) ही व्हाइट हाउसमधली पदं मात्र निव्वळ राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीवर चालतात. बोलावलं की यायचं, मर्जी खप्पा झाली की नारळ. आपल्याकडे पंतप्रधान कार्यालयातून एखाद्या सनदी अधिकाऱ्याची उचलबांगडी झाली तरी त्याला दुसरीकडे पोस्टिंग मिळतं. तिथे परत जायला केडरच नसतं. आपले राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मे २०१४ पासून अजित डोवालच आहेत. तेवढ्या काळात अमेरिकेत सुसान राइस, फ्लिन, मॅकमास्टर, बोल्टन, ओब्रायन, सलिव्हन, वॉल्ट्झ आणि रुबिओ इतके झाले, तेही मधले चार दिवसांचे हंगामी सोडून.

तुमचा ११ दिवसवाला म्हणजे अँथनी स्कारामुची. न्यूयॉर्कचा गुंतवणूक क्षेत्रातला माणूस, टीव्हीवर ट्रम्प यांची बाजू जोरात मांडायचा. २१ जुलै २०१७ ला त्याला कम्युनिकेशन्स डायरेक्टर केलं आणि त्याच दिवशी प्रेस सेक्रेटरी शॉन स्पायसर यांनी राजीनामा दिला. पहिल्याच पत्रकार परिषदेतून जाताना स्कारामुचीने पत्रकारांना फ्लाइंग किस दिला. लोकांना तेच आठवतं. मला त्या नेमणुकीतली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते : तो थेट राष्ट्राध्यक्षांना उत्तरदायी असेल, असं जाहीर केलं होतं. म्हणजे चीफ ऑफ स्टाफ राइन्स प्रीबस यांना बाजूला सारून. ज्या कार्यालयात साहेबांच्या दारावर कोण बसतो यावर सगळं चालतं, तिथे हा माणूस मागच्या दाराची किल्ली घेऊनच आला. मग ‘न्यूयॉर्कर’च्या पत्रकाराला फोन करून त्याने प्रीबस आणि ट्रम्प यांचे सल्लागार स्टीव्ह बॅनन यांना अशा काही शिव्या घातल्या की त्या छापताना भल्याभल्या वृत्तपत्रांची पंचाईत झाली.

प्रीबस यांचं जाणं तर बघण्यासारखं होतं. २८ जुलैला राष्ट्राध्यक्षांचं विमान लाँग आयलंडहून वॉशिंग्टनजवळच्या अँड्र्यूज तळावर उतरलं, बाहेर पाऊस. ट्रम्प यांनी विमानातूनच ट्वीट केलं की जनरल जॉन केली नवे चीफ ऑफ स्टाफ. प्रीबस गाडीत बसले होते, सोबत दोन सहकारी. ते दोघे उतरून दुसऱ्या गाडीत जाऊन बसले, आणि थोड्या वेळाने प्रीबस यांची गाडी ताफ्यातून वेगळी होऊन निघून गेली. सहा महिने देशातल्या सर्वांत वजनदार खुर्च्यांपैकी एकीवर बसलेला माणूस!

३१ जुलैला केली यांनी शपथ घेतली आणि त्याच दिवशी स्कारामुचीला घरचा रस्ता दाखवला. मी तेव्हा एका दैनिकाच्या आंतरराष्ट्रीय पानावर होतो. वॉशिंग्टनची दुपार म्हणजे आपली मध्यरात्र, त्यामुळे शहर आवृत्तीच्या पानावर स्कारामुची पदावर होता आणि टीव्हीवर त्याची गच्छंती चालू होती. त्या वर्षी आमच्या डेस्कवर व्हाइट हाउसच्या बातमीला कायम एक पर्यायी मथळा तयार असायचा. म्हणून माझं मत असं की स्कारामुची शिव्यांमुळे गेला हे अर्धंच खरं. तो गेला कारण नव्या चीफने येताच दार ताब्यात घेतलं. (पुढे त्याचं नावच कालमापनाचं एकक झालं. ब्रिटनच्या पंतप्रधान लिझ ट्रस यांनी राजीनामा दिला तेव्हा त्याने स्वतःच हिशोब मांडला : ४.१ स्कारामुची.)

राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मायकेल फ्लिन यांचं प्रकरण वेगळं. रशियाच्या राजदूताशी काय बोलणं झालं याबद्दल उपराष्ट्राध्यक्ष पेन्स यांना त्यांनी चुकीची माहिती दिली आणि १३ फेब्रुवारी २०१७ ला, महिना भरायच्या आत, पायउतार व्हावं लागलं. त्या पदावर इतका कमी काळ दुसरं कुणी टिकलेलं नाही.

आता फक्त ट्रम्प का? प्रमाण त्यांच्याकडे नक्कीच जास्त. ब्रुकिंग्ज या संशोधन संस्थेच्या कॅथरिन डन टेनपास वरिष्ठ पदांचा हा हिशोब ठेवतात. पहिल्याच वर्षात ओबामांकडे ९ टक्के पदांवर बदल झाले, रेगन यांच्याकडे १७, ट्रम्प यांच्याकडे सुमारे ३५. चार वर्षं संपेपर्यंत ट्रम्प यांचा आकडा ९२ वर गेला. यात बढती मिळून हललेलेही धरलेत, सगळेच हाकललेले नव्हेत.

पण रेगन यांच्या आठ वर्षांत सहा राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले, हे आज कुणाच्या लक्षात नसतं. फेब्रुवारी १९८७ मध्ये चीफ ऑफ स्टाफ डोनाल्ड रीगन (राष्ट्राध्यक्ष रेगन वेगळे) यांना आपली जागा दुसऱ्याला दिल्याचं सीएनएनवरून कळलं. त्यांनी एका ओळीचा राजीनामा दिला आणि चालू लागले. पाठोपाठ जॅक कोहलर. कम्युनिकेशन्स डायरेक्टर होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. जर्मनीत दहा वर्षांचे असताना ते नाझींच्या बालसंघटनेत होते हे बाहेर आलं आणि त्यांनी पद सोडलं. त्यांचं म्हणणं मात्र असं की त्यामुळे नाही, नव्या चीफना, म्हणजे हॉवर्ड बेकर यांना, आपली माणसं निवडता यावीत म्हणून सोडलं. खरं काय ते असो, पण हे कारण लोकांच्या गळी उतरू शकतं, यातच त्या कार्यालयाची रीत कळते.

दुसऱ्या कारकिर्दीत ट्रम्प यांनी सुरुवातीला उलथापालथ कमी ठेवली. मे २०२५ मध्ये, सिग्नल या मेसेजिंग ॲपवरच्या सरकारी ग्रुपमध्ये चुकून एक संपादक सामील झाल्याच्या प्रकरणानंतर, राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार माइक वॉल्ट्झ यांना हलवलं, पण संयुक्त राष्ट्रांतल्या राजदूतपदासाठी नाव पुढे करून. त्यांचं काम परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांच्याकडेच दिलं. ही दोन्ही पदं एकाच माणसाकडे याआधी फक्त हेन्री किसिंजर यांच्याकडे होती, आणि त्यांच्याकडून १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी एक काढून घेतलं. काढून घेतलेलं पद अर्थातच विनासिनेटवालं, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराचं.