जर्मनीत ड्रेसाज (घोड्याला सूक्ष्म इशाऱ्यांवर चालवायची शिस्तबद्ध घोडेस्वारी) शिकायला गेले आहे. घोडा चालवता येत असूनही लगाम-रिकिबीशिवाय लंजवरच (प्रशिक्षक लांब दोरीने घोडा वर्तुळात फिरवतात तेव्हा) का बसवतात?

तुमची बैठक हातांच्या आधाराशिवाय टिकावी म्हणून. ती नसेल तर ड्रेसाजमधलं पुढचं काहीच नीट येत नाही. दुडकीत तोल गेला की माणूस नकळत गुडघे आवळतो, टाच वर येते, बूड खोगिरावरून उचललं जातं आणि हात लगामाला लटकतात. तो झटका थेट घोड्याच्या तोंडातल्या बिटवर (लगाम जोडलेल्या कडीवर) बसतो. घोडा पाठ खाली दाबून ताठ होतो, मग दुडकी आणखी आदळते. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूल या नामांकित घोडेस्वारी शाळेतही नवशिक्यांना कित्येक महिने असंच बसवतात, त्यामुळे यात कमीपणा मुळीच नाही.

लंजवर असताना:
- एका हाताने खोगिराची पुढची कड धरून स्वतःला खाली ओढा, मांड्या सैल सोडा.
- श्वास रोखू नका. रोखला की कंबर आखडते.
- वर्तुळ साधारण २० मीटरचं असावं, लहान वर्तुळाने घोड्याच्या सांध्यांवर ताण येतो.

२०-३० मिनिटं पुरे. मात्र मुक्काम दोन-तीन आठवड्यांचाच असेल, तर अर्धा तास लंज आणि उरलेला वेळ लगाम हाती घेऊन सराव, अशी विभागणी प्रशिक्षकांकडे पहिल्याच दिवशी मागा.