डोळ्यापासून लांब, पण कुठल्या?

प्रश्न असा आहे: नैऋत्य फ्रान्समधल्या गायाकच्या पांढऱ्या वाइनमध्ये 'लेन दे लेल' नावाचं द्राक्ष मिसळतात. या नावाचा अर्थ 'डोळ्यापासून लांब'. मग ही नजरेआड राहिलेली, दुर्लक्षित जात म्हणून असं नाव पडलं का? आणि अशा मिसळलेल्या वाइनला मराठीत भेसळ म्हणावं का?

भेसळीचं आधी निकालात काढतो, कारण तो शब्द ऐकून कान किटलेत. भेसळ दुधात पाण्याची होते आणि चोरून होते. इथे बाटलीत काय काय आहे ते अभिमानाने सांगतात. फ्रेंचमध्ये या कामाला 'आसांब्लाज' म्हणतात, म्हणजे जुळवणी. 'कुपाज' असाही एक शब्द आहे, त्यात कापण्याचा भाव आहे आणि तो जरा नाक मुरडूनच वापरतात. आपल्याकडे 'मेळ' हा सुरेख शब्द पडून आहे. मोझाक द्राक्ष सफरचंदाच्या सालीसारखा वास देतं, लेन दे लेल साखर देतं पण आंबटपणात कमी पडतं, ती उणीव सोव्हिन्यों भरून काढतं. याला मेळ नाही म्हणायचं तर कशाला?

आता डोळा. 'नजरेआड' हा अर्थ ज्यांनी काढला, त्यांनी द्राक्षबागेत कात्री कधी हातात धरलेली नसावी. नाव ऑक्सिटन, म्हणजे दक्षिण फ्रान्सच्या जुन्या भाषेतलं आहे. फ्रेंचमध्ये त्याचंच 'ल्वँ द लय' होतं. तिथला बागायतदार छाटणी करताना वेल 'दोन डोळ्यांवर' कापतो. हा डोळा काडीवरचा, म्हणजे जिथून नवी फूट येते तो अंकुर! या जातीच्या घडाचा देठ लांब असतो, त्यामुळे ज्या डोळ्यातून घड निघाला त्याच्यापासून तो लांब लोंबतो. झालं. माणसाच्या नजरेचा काही संबंध नाही.

हे निफाडच्या कुणाही द्राक्षबागायतदाराला विचारलं असतं तर अर्ध्या मिनिटात उलगडलं असतं. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तो काडीवर पेस्टिंग करतो, म्हणजे औषधाचा लेप लावतो, ते डोळे एकसारखे फुटावेत म्हणूनच. उसाची टिपरी, म्हणजे लावणीचा तुकडा, दोन डोळ्यांची; गुलाबाला डोळा भरायचा, म्हणजे दुसऱ्या झाडाचा डोळा त्याच्या सालीत बसवायचा. शहरी मराठीतून हा अर्थ गळून गेला आणि मग आपण भाषांतरात 'दृष्टीआड सृष्टी' चिकटवून मोकळे.

माझे एक विद्वान स्नेही ठासून सांगतात की 'डोळा' म्हणजे अंकुर हा अर्थ इंग्रजीतून, शेतकी कॉलेजांमार्फत आला. मला हे अजिबात पटत नाही. कॉलेजं निघायच्या कितीतरी आधीपासून ऊस लावणाऱ्याला टिपरीवरचा डोळा दाखवायला साहेब कशाला हवा? ही उपमा उधारीची नाहीच. फुगलेला अंकुर नीट बघा: वरची खवलं पापण्यांसारखी मिटलेली असतात, मग हळूच उघडतात. ज्याने वेल पाहिला त्याला डोळा दिसला, मग तो गायाकच्या तार्न नदीकाठचा असो की गोदाकाठचा. लॅटिनमध्येही तेच. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात रोमन कवी व्हर्जिलने शेतीवरच्या काव्यात कलम करण्याला 'डोळे बसवणं' म्हटलंय.

आणि आता माझी लाडकी गोष्ट. लॅटिन 'ऑक्युलस' म्हणजे डोळा. त्यावरून झाडात डोळा भरण्याला 'इनॉक्युलेशन' हा शब्द झाला. 18व्या शतकात युरोपात देवीच्या फोडातला द्रव निरोगी माणसाच्या कातडीत भरू लागले, तेव्हा माळ्याचा हा शब्द वैद्याने उचलला. म्हणजे दंडावर लस टोचून घेताना आपण मुळात डोळा भरून घेत असतो! हा ऑक्युलस आपल्या 'अक्षि'चा चुलतभाऊ. मराठी 'डोळा' मात्र त्या घराण्यातला नव्हे, तो प्राकृतातल्या 'डोल'चा वारस. कुळं वेगळी, भाषा वेगळ्या, तरी उपमा एकच. उसनवारीच्या सिद्धांताला याहून मोठी चपराक कुठली?

आणि हो, ही जात दुर्लक्षित आहे का, हेही विचारलं होतं. गायाकच्या बाहेर तिची लागवड जवळजवळ नाहीच. त्या अर्थाने आहे नजरेआड, पण नाव त्यावरून पडलेलं नाही.