पाच वर्षांना अडीच महिने कमी असताना राजीनामा

प्रश्न : चाकणजवळच्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी क्वालिटी इंजिनिअर आहे. चार वर्षं साडेनऊ महिने झाले. ग्रॉस पगार ७०,०००, त्यात बेसिक आणि डीए मिळून २८,०००. गेल्या वर्षी आलेल्या ज्युनिअर मुलाला मीच काम शिकवलं. त्याच कामाचे त्याला ८२,००० मिळतात. दुसरीकडून ९०,००० ची ऑफर आहे, पण ४५ दिवसांत रुजू व्हा म्हणतात. इथे नोटीस ९० दिवसांची, शिवाय सोडल्यावर वर्षभर स्पर्धक कंपनीत जायचं नाही अशी अट. सोडू का?

उत्तर : सोडा, पण आज संतापाच्या भरात मेल टाकू नका. तुमच्या बाबतीत राजीनाम्याच्या तारखेपेक्षा शेवटच्या कामाच्या दिवसाची तारीख महत्त्वाची आहे, आणि तिच्यावर लाखभर रुपये अवलंबून आहेत.

ग्रॅच्युइटी म्हणजे सेवेबद्दल नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम; तिला सलग पाच वर्षांची सेवा लागते. आज राजीनामा देऊन पूर्ण ९० दिवस काम केलंत, तर शेवटचा दिवस पाच वर्षांच्या पंधरा दिवस पुढे पडतो. ४५ दिवसांचा बायआउट घेतलात, म्हणजे तेवढ्या नोटीसचे पैसे भरून लवकर सुटलात, तर चार वर्षं अकरा महिन्यांवरच सेवा संपते. तेव्हा वाद सुरू होतो. सहा दिवसांच्या आठवड्यात वर्षाला २४० दिवस भरले की ते वर्ष सलग धरतात, म्हणून पाचव्या वर्षात २४० दिवस झाले तरी पुरे, असा निकाल मद्रास उच्च न्यायालयाने दिला आहे. कंपन्या मात्र हे मुकाट्याने मानत नाहीत. न्यायालयात मिळेल असा हक्क आणि खात्यात जमा झालेले पैसे यांत मी नेहमी दुसरं निवडायला सांगते.

रक्कम पाहा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या वेतनाच्या व्याख्येनुसार घरभाडं, प्रवास वगैरे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले, तर जास्तीचा भाग वेतनात धरतात. म्हणजे तुमचं वेतन २८,००० नव्हे, ढोबळमानाने ३५,०००. त्याला २६ ने भागून १५ ने गुणायचं, मग पाच वर्षांनी : सुमारे १,००,९६० रुपये. एचआरने जुन्या बेसिकवर हिशेब केला तर ८०,७६९ येतील. वीस हजारांचा फरक आहे, हिशेबाचा कागद मागा. सेवा संपल्यापासून ३० दिवसांत रक्कम मिळाली पाहिजे, नंतर व्याज चढतं.

उलट बाजूला, ४५ दिवस उशिरा गेल्याने वाढीव पगाराचे साधारण ३०,००० बुडतात. बायआउट बेसिकवर असेल तर ४२,०००, ग्रॉसवर असेल तर १,०५,००० भरावे लागतील. करारात कोणता शब्द आहे ते वाचा. (या रकमेवर १८ टक्के जीएसटी लावला, तर ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक दाखवा. नोटीस-पगारावर जीएसटी नाही.) म्हणून नव्या कंपनीकडे रुजू व्हायची तारीख पुढे मागा. ९० दिवसांची नोटीस या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे.

धोका एकच : ग्रॅच्युइटी टाळायला कंपनी तुम्हाला लगेच मोकळं करू शकते. म्हणून मेलमध्ये शेवटचा दिवस तारखेसकट लिहा आणि "त्या तारखेपर्यंत काम करण्यास तयार आहे" हे वाक्य घाला. मग त्यांनी आधीच काढलं, तर उरलेल्या नोटीसचा पगार मागता येतो आणि २४० दिवसांचा दावाही तुमच्याकडून भक्कम होतो.

स्पर्धक कंपनीच्या अटीमुळे झोप उडवून घेऊ नका. नोकरी सुटल्यानंतरची अशी बंदी भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ खाली निरर्थक आहे; सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली तेच सांगितलं. नोकरीत असतानाची बंदी आणि गोपनीयतेची अट मात्र टिकते. जाताना अप्रेझलची पत्रं, पगाराच्या पावत्या, नेमणूकपत्र एवढंच स्वतःच्या मेलवर घ्या. ड्रॉइंग, ग्राहकांच्या याद्या, तपासणीच्या फाइली पेनड्राइव्हवर गेल्या, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली तक्रार होऊ शकते, आणि तुमची बाजू तिथेच बिघडते.

आता ८२,००० चा मुद्दा. वाढ दिली नाही, कदर केली नाही, हे बेकायदा नाही. त्यावर दावा नाही. पण तुम्ही स्त्री असाल, तर बघा : वेतन संहितेनुसार (ही त्या कामगार संहितांपैकीच एक) एकाच मालकाकडे त्याच किंवा तशाच कामासाठी स्त्री-पुरुष म्हणून पगारात भेद करता येत नाही. त्याचा अनुभव, पदवी, ग्रेड यांपैकी काही वेगळं असेल, तर कंपनी तेच कारण पुढे करील. म्हणून आधी कामाची तुलना लिहून काढा : कोणत्या लाइनची तपासणी, कोणत्या अहवालांवर सह्या, कोण कोणाला रिपोर्ट करतं. दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, आणि ही संहिता व्यवस्थापक-सुपरवायझरांनाही लागू होते. ही पडताळणी नोकरीत असतानाच करा. बाहेर पडल्यावर कागद मिळत नाहीत, आणि साक्षीला सहकारी येत नाहीत.

म्हणूनच फुल अँड फायनलच्या (शेवटच्या हिशेबाच्या) कागदावर "माझा कोणताही दावा उरलेला नाही" असं छापलेलं असेल, तर सहीजवळ हाताने "हक्क राखून" लिहा आणि फोटो काढा. राजीनाम्यात "वैयक्तिक कारणास्तव" लिहायची गरज नाही. कारण न देता पद आणि तारीख एवढंच पुरेसं आहे.

पीएफ काढू नका, यूएएनवरून (पीएफचा कायम खातेक्रमांक) नव्या खात्यात वळवा. सलग पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागतो. रिलिव्हिंग लेटर (कामातून मोकळं केल्याचं पत्र) अडकवलं, तर राजीनाम्याची पोच, शेवटची पगारपावती आणि पीएफची सेवानोंद नव्या कंपनीला दाखवा. कंपनीने पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतः भरता येते.