सीमेवर अभ्यासासाठी जाताना

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत अ‍ॅरिझोनातील एका विद्यापीठात समाजशास्त्र शिकते. मार्चच्या सुट्टीत तिचा वर्ग स्थलांतराच्या प्रश्नाच्या अभ्यासासाठी मेक्सिकोच्या सीमेवरील नोगालेस येथे जाणार आहे. विद्यार्थी व्हिसावर असताना तिने तेथे जावे का? आणि भिंत पाहून नेमका कसला अभ्यास होतो?
— एक पालक, सांगली

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, म्हणून आधी कागदपत्रांविषयी. सीमा न ओलांडताही तिच्याजवळ मूळ पासपोर्ट, आय-20 (विद्यापीठाने दिलेले विद्यार्थी व्हिसाचे प्रमाणपत्र) आणि आय-94 (देशातील प्रवेशाची सरकारी नोंद) ची छापील प्रत असलीच पाहिजे, कारण नोगालेसहून अ‍ॅरिझोनातीलच टूसॉन शहराकडे परतताना महामार्गावर सीमा दलाची तपासणी चौकी लागते. पलीकडे मेक्सिकोत जायचे असल्यास आय-20 वर विद्यापीठाची प्रवासासाठीची चालू स्वाक्षरी लागते आणि व्हिसाची मुदतही तपासावी लागते. वर्गातील अमेरिकी मुले सहज जाऊन येतील, म्हणून हिनेही जावे असे नाही. परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाने लेखी होकार दिला तरच तिने सीमा ओलांडावी. अलीकडच्या बाजूने सहभागी व्हायला मात्र तिला जरूर पाठवा.

आता भिंतीविषयी. नोगालेस हे एकाच नावाचे जोडशहर असून सीमा त्याच्या मधून जाते. 1990च्या दशकात तेथे लष्कराच्या जुन्या धावपट्टीच्या पत्र्यांची भिंत उभी राहिली, तिच्यातून पलीकडचे काही दिसत नसे. 2011 साली तिच्या जागी पोलादी खांब आले आणि त्यांच्या फटींतून समोरची घरे दिसू लागली. पण खरा अभ्यासविषय भिंतीपासून दूर, वाळवंटात आहे. 1993 साली एल पासो येथे आणि 1994 साली सान दिएगो येथे, म्हणजे याच सीमेवरील दोन मोठ्या अमेरिकी शहरांलगत, बेकायदा येण्याच्या वाटा बंद करण्यात आल्या, त्यामागे उरलेला दुर्गम प्रदेश माणसांना आपोआप थोपवील असा होरा होता. माणसे थांबली नाहीत, ती सोनोरन वाळवंटातून चालू लागली. 2000 सालापासून दक्षिण अ‍ॅरिझोनात तीन हजारांहून अधिक मृतदेह वा अवशेष सापडले असून त्यांतील अनेकांची ओळख अजून पटलेली नाही. ‘ह्युमेन बॉर्डर्स’ या संस्थेचे स्वयंसेवक तेथे उंच काठीवर निळा झेंडा लावलेली पाण्याची पिंपे भरून ठेवतात. असे एक पिंप तिने जवळून पाहावे आणि सर्वांत जवळची वस्ती किती लांब आहे, हे विचारावे.

जोडीला कायदाही वाचलेला असावा. 1942 ते 1964 या काळात ‘ब्रासेरो’ कार्यक्रमाखाली मेक्सिकन शेतमजूर कायदेशीर करारावर येत आणि परत जात. तो बंद झाला, मजुरांची गरज मात्र राहिली. पुढे 1996च्या कायद्याने वर्षभराहून अधिक काळ बेकायदा राहून देशाबाहेर गेलेल्यावर दहा वर्षांची प्रवेशबंदी आणली, त्यामुळे हंगाम संपल्यावर गावी जाणारा माणूस तिकडेच अडकून पडू लागला. हा दुवा न समजता भिंतीसमोर उभे राहिल्यास सहलीतून फक्त छायाचित्रे हाती लागतील.

हा प्रश्न केवळ मेक्सिकोचा आहे, असे समजू नये. फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकेने लष्करी विमानाने अमृतसरला परत पाठवलेल्या 104 भारतीयांत बहुसंख्य पंजाब, हरियाणा व गुजरातचे होते आणि तिघे महाराष्ट्रातील होते. दलालाला लाखो रुपये देऊन लोक त्याच सीमेपर्यंत पोहोचतात.

निवाऱ्यातील स्थलांतरितांशी बोलण्याचा योग आला, तर ‘तुम्ही कसे आलात’ हा प्रश्न तिने स्वतःहून विचारू नये. तेथे तोच प्रश्न सीमा दलाचा अधिकारीही विचारतो. छायाचित्र घेऊ नये आणि वहीत नावे लिहू नयेत. शक्य असल्यास प्राध्यापकांना सांगून टूसॉनच्या फेडरल न्यायालयातील एखादी सुनावणी कार्यक्रमात घालून घ्यावी. सीमा ओलांडल्याचे खटले तेथे खुल्या न्यायालयात चालतात आणि 2008 पासून अनेक आरोपींना एकत्र उभे करून काही तासांत निकाल देण्याची पद्धत तेथे रूढ झाली. ते पाहायला व्हिसाची कोणतीही अडचण येत नाही.