ऑइलचे दोन हजार आणि हप्त्याचे साठ हजार

खानापूरहून एका वाचकाचं पत्र आहे. वय ४१, बेळगावात उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये सुपरवायझर, हातात महिना ४२ हजार. २०१८ ची पेट्रोल गाडी, रोजचं जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर. मुलगी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, मुलगा नववीत. विचारतात: "गाडीत आजवर सिंथेटिक ऑइल घालत आलोय. खर्च कमी करावा म्हणून आता साधं मिनरल घालायचा विचार आहे. मेस्त्री म्हणतोय, एकदा सिंथेटिकची सवय लागली की इंजिनला परत साधं चालत नाही. खरं काय?"

इंजिनला सवयबिवय काही लागत नाही. दोन्ही ऑइलं एकमेकांत मिसळतात; दुकानात सेमी-सिंथेटिक म्हणून मिळतं ते मिश्रणच असतं. बघायचं ते गाडीच्या पुस्तिकेत: ग्रेड (ऑइल किती पातळ) कोणता आणि डब्यावर छापलेला एपीआयचा दर्जा कोणता. तिथे ०डब्ल्यू-२० लिहिलं असेल तर विषय संपला, एवढं पातळ ऑइल मिनरलमध्ये येतच नाही. टर्बो इंजिन असेल तरीही सिंथेटिक सोडू नका.

पण समजा ग्रेड जुळला. मेस्त्रीच्या चिठ्ठीप्रमाणे साडेतीन लिटर सिंथेटिकचे २,६०० आणि मिनरलचे १,३००. फिल्टर-मजुरी दोन्हीकडे ५००. तुम्ही एका वेळचे १,३०० वाचलेले बघितले, वर्षाचे दोन हजार धरले आणि खूश झालात. सिंथेटिक दहा हजार किलोमीटर चालतं, मिनरल पाच हजाराला काढावं लागतं. वर्षाला तुमचे पंधरा हजार होतात. म्हणजे सिंथेटिकचे दीड वेळा ३,१००, साधारण ४,६५०. मिनरलचे तीन वेळा १,८००, झाले ५,४००. वाचायचं राहिलं बाजूला, साडेसातशे जास्तच गेले. आणि मिनरल घालून दहा हजार ओढायचा बेत असेल तर आत काळा गाळ धरेल, मग मेस्त्रीची चिठ्ठी वेगळ्या आकड्यांची येईल. सिंथेटिकच घाला.

ऑइलचं एवढंच. आता त्या चिठ्ठीबद्दल. तुम्ही तिचे दोन्ही बाजूंचे फोटो पाठवलेत, बरं केलंत. मेस्त्रीनं हिशेब लिहिलाय तो विमा कंपनीच्या नोटिशीच्या पाठीवर, तेलाच्या बोटाच्या ठशासकट. आणि पुढच्या बाजूला आहे: चौथा वार्षिक हप्ता, ६०,००० रुपये.

पत्रात या पॉलिसीला तुम्ही दोन ओळी दिल्यात. बँकेतल्या साहेबांनी सुचवली, बारा वर्षं भरायचं, विसाव्या वर्षाअखेर साडेतेरा लाख "गॅरंटीड", विमा सहा लाखांचा, आणि "मुलीच्या इंजिनिअरिंगची सोय झाली". पुढच्याच वाक्यात, दुसरा आणि तिसरा हप्ता भरायला पतसंस्थेतून, तुमच्या सोसायटीतून, १४ टक्क्यांनी १ लाख २० हजार काढले. त्याच्यापुढे, एजंट रोज येऊन गोळा करतो त्या पिग्मी ठेवीबद्दल, अभिमानानं: "पिग्मी मात्र एक दिवस चुकवली नाही, रोजचे १५०."

अहो, मुलगी आज सतरा वर्षांची. पॉलिसीचे पैसे येतील आणखी सतरा वर्षांनी. तेव्हा ती चौतीस वर्षांची असेल, कदाचित स्वतःच्या मुलांच्या फीची काळजी करत. साहेबांनी तिचं वय तरी विचारलं होतं का?

बारा हप्त्यांचे ७ लाख २० हजार जाणार, साडेतेरा येणार. दुप्पट वाटतं, पण वर्षाला पडतात सव्वाचार-साडेचार टक्के. हेच पैसे याच तारखांना पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्क्यांनी ठेवले असते तर विसाव्या वर्षी वीस लाख झाले असते. साडेसहा लाखांचा फरक, आणि त्यासाठी कुणा साहेबांच्या केबिनमध्ये चहा प्यायची गरज नव्हती. मला या "गॅरंटीड" शब्दाचा आता वीट आलाय. गॅरंटी असते, पण कमी मिळण्याची.

त्यातही तुम्ही साडेचार टक्के मिळवायला १४ टक्क्यांनी पैसे उचललेत. व्याज वर्षाला १६,८००. आणि ज्या सोसायटीला हे १४ टक्के देता, तिच्याचकडे पिग्मीत तीन-चार टक्क्यांनी पैसे ठेवता. तुमचेच पैसे तुम्हालाच कर्जाऊ. पिग्मीला माझा विरोध नाही. १९२८ साली सिंडिकेट बँकेनं रोज दोन आणे गोळा करायला सुरुवात केली तेव्हा दारात येणारी बँक हीच गरिबाची सोय होती, आणि दुकानदाराला ती आजही उपयोगी आहे. पगारदाराला कशाला? शिवाय सोसायटी म्हणजे बँक नव्हे. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्था किंवा सौहार्द सहकारी संस्थेतल्या ठेवीला नसतं. आपल्या भागात हे सांगावं लागू नये, पण लागतं.

"तीन हप्ते भरलेत, आता मोडली तर नुकसान." होणारच. पॉलिसी हातात आल्यावर ठरावीक दिवसांत परत करायची मुदत केव्हाच गेली. १ लाख ८० हजारांतले हातात किती येतील ते कंपनीकडून लेखी घ्या. मी ७५ हजार धरतो. गेलेले गेले, आता पुढचं बघा. आज ७५ हजार न उचलता आणखी नऊ हप्ते भरले तर या पैशांवर वर्षाला सहा टक्क्यांच्या आसपास पडतात. समोर कर्ज १४ टक्क्यांचं. यात विचार करण्यासारखं काही उरत नाही. मोडा. ७५ हजार ते आणि पिग्मीतले ४५ हजार, सोसायटीचं कर्ज एका दिवसात निल. पिग्मी मुदतीआधी मोडली म्हणून एजंट काही कापेल, चेहराही पाडेल. पाडू दे.

मोडण्याआधी मात्र टर्म इन्शुरन्स, म्हणजे बचत नसलेला नुसता विमा, घ्या, आणि तो हातात आल्यावरच पॉलिसीला हात लावा. तुमच्या पश्चात सहा लाखांत घर सव्वा वर्ष चालेल. वर्षाच्या पगाराच्या दहापट, म्हणजे ५० लाखांचं कव्हर, साठीपर्यंत. प्रकृती ठीक असेल, तंबाखू नसेल तर वर्षाला साधारण बारा-पंधरा हजार. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. तंबाखू असेल तर फॉर्मवर खरं लिहा. नंतर क्लेम अडतो तो तिथेच.

मग टर्मचे पंधरा हजार जाऊन हप्त्यातले पंचेचाळीस हजार सुटतात, पिग्मीतले चोपन्न हजार सुटतात. वर्षाला लाखभर. ते बँकेच्या आरडीत टाका, पगाराच्या दुसऱ्याच दिवशी कापले जातील असे. मुलीची फी पुढच्या जून-जुलैपासून लागणार आहे. तिच्यासाठी शेअर बाजाराकडे बघू नका, तेवढा वेळ नाही.

नोटिशीवर हप्त्याची तारीख या महिन्याची २५ आहे. वार्षिक हप्त्याला पुढे तीस दिवसांची सवलत असते, तेवढ्यात टर्मची मेडिकल उरकेल. पण हप्ता थेट खात्यातून जातो असं दिसतंय. उद्याच बँकेत जाऊन तो आदेश लेखी बंद करा आणि पोच घ्या. साहेब बसा म्हणतील, नवी स्कीम दाखवतील. उभ्यानंच काम करून या.