मराठा डिच आणि 'खंदक' शब्दाचं मूळ

कलकत्त्याच्या जुन्या नकाशांवर 'मराठा डिच' असं लिहिलेलं असतं, त्याला मराठीत 'मराठ्यांचा खंदक' म्हणावं का, असा प्रश्न आला आहे.

म्हणू नये. 'मराठ्यांनी बंगालमध्ये खणलेला खंदक' हे वाक्य वारंवार कानावर येतं आणि ते साफ चूक आहे. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने 1742 मध्ये कलकत्त्याच्या रहिवाशांनीच तो खणायला घेतला. बेत सात मैलांचा होता, सुमारे तीन मैलांवर काम थांबलं. समास सोडवायचा तर 'चोरभय'सारखा, पंचमीचा: मराठ्यांपासून बचावासाठी खणलेला.

नकाशावर शोधायचा असेल तर अपजॉन या नकाशाकाराचा 1794 चा नकाशा घ्या. शहराच्या उत्तरेकडच्या बागबाजारपासून पूर्व अंगाने खाली, म्हणजे दक्षिणेला या. उपसलेली माती शहराच्या बाजूला टाकून रस्ता केला होता, म्हणून खंदकाची रेषा बाहेरच्या अंगाला. पलीकडे उपनगरं. 1799 मध्ये बराचसा भाग बुजवून सर्क्युलर रोड झाला. मात्र तो सगळा रस्ता म्हणजे खंदक नव्हे; दक्षिणेचा टप्पा कधी खणलाच गेला नाही. आजचा नकाशा जुन्यावर ठेवून बघणारे नेमके इथे फसतात.

आता खरी गंमत 'खंदक' शब्दाची. 'संस्कृत खन् पासून खंदक' असं ठोकून देणाऱ्यांनी मधल्या 'द'चा हिशोब द्यावा. तो द फारसीचा आहे. मध्ययुगीन फारसीतला, म्हणजे पहलवीतला 'कंदग' म्हणजे खणलेलं. अरबांनी तो उचलला आणि शेवटच्या 'ग'चा 'क' केला, अगदी 'पयादग'चं 'बैदक' आणि 'पिस्तग'चं 'फुस्तुक' केलं तसा. आपलं प्यादं आणि पिस्ता त्याच घरातले. सुरुवातीचा 'ख'ही अरबीचाच. तिथून फारसीत परत, आणि मग मराठीत. पण फारसी 'कंदन' (खणणे) आणि संस्कृत 'खन्' ही एकाच आजीची नातवंडं! म्हणजे 'खंदक खणणे' या दोन शब्दांत चुलत भावंडं शेजारी बसली आहेत, एक घरी राहिलेलं, दुसरं इराण-अरबस्तान फिरून आलेलं.

'खंदक परका, परिखा म्हणा' असा आग्रह धरणाऱ्यांचं मला मुळीच पटत नाही. परिखा म्हणजे परि अधिक खन्. धातू तोच, आणि बोलण्यात तो शब्द कोणाच्याच नाही.